तळ्यातली चिलापी : गळवाल्यांनाही वाव, संस्थेलाही फायदा

वरूड तालुका म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे संत्रा येतो, आणि ते बरोबरच आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी लागून असलेल्या या पट्ट्यात शेकदरी, सातनूरसारखे प्रकल्प आहेत, पाझर तलाव आहेत, गावतळी आहेत आणि अलीकडे वावरावावरांत झालेली शेततळी आहेत. भूजल उपशामुळे तालुक्याचे नाव ‘डार्क झोन’मध्ये गेले, तेव्हापासून पाणी अडवण्यावर भर आला. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरूड होते. पाणी अडले की मासळी आलीच. मासळी आली की गळ घेऊन बसणारे आले, आणि त्यांच्या मागोमाग भांडणही.

हे भांडण बहुतेक गावांच्या ओळखीचे आहे. तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो. कटला, रोहू, मृगल हे मासे थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, म्हणून आज बीज विकत मिळते. (याच कारणाने १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस मानतात.) म्हणजे तलावातला प्रत्येक रोहू हा संस्थेने पैसे मोजून सोडलेल्या बोटुकलीचा झालेला असतो. तो कोणी गळाने काढून नेला तर भोई बांधवांचे पोट दुखणारच. दुसरीकडे गावातला मजूर म्हणतो, “तयं गावचं, पानी गावचं, अन् एका मच्छीसाठी चोर मीच?” दोघांचेही म्हणणे अगदी खोटे नाही.

यातून वाट निघते ती चिलापीमुळे.

चिलापी हा आपला मासा नव्हे. मूळचा आफ्रिकेतला, भारतात आला १९५२ साली. चांगले स्वस्त खाद्य मिळेल या हिशेबाने आणला, पण सात वर्षांतच, १९५९ मध्ये, त्याच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली. तोपर्यंत तो पसरला होता. दोन-तीन महिन्यांचा, बोटाएवढा झाला की हा मासा अंडी द्यायला लागतो, तेही वर्षातून अनेकदा. नर उथळ पाण्यात तळाशी तोंडाने खड्डा करतो. मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, पिल्ले भ्याली की पुन्हा तोंडात शिरतात. इतकी काळजी घेतल्यावर पिल्ले मरणार कशी? थोड्याच दिवसांत तळे भरते, खाद्य वाटले जाते आणि सगळे मासे चार बोटांवर अडतात. म्हातारी चिलापीसुद्धा पोरसवदा दिसते. सोडलेल्या बोटुकलीच्या तोंडचा घास तीच खाते.

येथे एक कबुली द्यायला हवी. लहानपणी आम्ही पोट्ट्यांनी एका पाझर तलावातली चिलापी घागरीत घालून दुसऱ्या गावतळ्यात नेऊन सोडली होती. मोठा पराक्रम वाटला होता. दोन पावसाळ्यांनंतर त्या तळ्यात जाळे टाकले की दुसरे काही निघेना. तेव्हा कास्तकार बंधूंनी आपल्या शेततळ्यात ‘सहज दोन-चार’ चिलापी सोडायचा मोह टाळावा.

मग गळवाल्याने संस्थेची चिलापी काढली तर बिघडले कोठे? उलट उपकारच. ग्रामपंचायत आणि संस्था यांनी बसून ठरवावे : गळाला परवानगी, चिलापी न्यावी, कटला-रोहू-मृगल लागला तर ओल्या हाताने धरून परत सोडावा, जाळे नाही. वाटल्यास नाममात्र पावती ठेवावी. गळाने चिलापी संपेल असे मात्र कोणी समजू नये. चैत्र-वैशाखात पूर्ण आटणारा तलावच तिला साफ करतो. पाणी राहणाऱ्या तलावात मरळ असू द्यावी, ती पिल्ले खाते. पण मरळ बोटुकलीही सोडत नाही, म्हणून अशा तलावात बीज जिऱ्याएवढे न सोडता चांगले वीतभराच्या जवळ गेलेले सोडावे.

गळ कसा, कोठे, केव्हा

बाजारातली चाकाची काठी लागत नाही. वेळूची सरळ काठी, तिच्याच लांबीचा बारीक तंगूस, ज्वारीच्या धांड्याचा दोन बोटे तुकडा तरंड म्हणून आणि शिशाचा एखादा दाणा. गळ मात्र लहान घ्यावा. नवा माणूस येथेच चुकतो. मोठ्या माशाच्या आशेने मोठा गळ लावतो आणि चिलापीच्या चिमुकल्या तोंडात तो मावत नाही. ती कडेकडेने गांडूळ खाऊन जाते आणि हा तासभर रिकाम्या गळाकडे पाहत बसतो.

खाद्य गांडुळाचेच उत्तम, गळ झाकेल एवढा तुकडा पुरे. गांडुळे उकिरड्याजवळ खोदावी, धरणाच्या मातीत खोदू नयेत. बांधाच्या पायथ्याशी केलेल्या अशा खड्ड्यांनीच पुढे पाणी झिरपायला लागते. गांडूळ नसेल तर कणकेची घट्ट गोळी चालते, तीत थोडी ढेप मिसळावी. पण कणकेला रोहूही येतो, तेव्हा ठेक्याच्या तलावात गांडूळच बरे.

जागा शोधायची तर बांधावर न बसता समोरच्या उथळ काठाने हिंडावे. पाणी निवळ असेल तर कमरेएवढ्या पाण्यात तळाशी परातीएवढे गोल खड्डे दिसतात. तेथे नर राखण करीत असतो आणि जवळ आलेल्या वस्तूवर धावून जातो. तोंडात अंडी असलेली मादी खात नाही, त्यामुळे या जागी गळाला लागतो तो बहुधा नरच. तरंड नुसते थरथरले तर ओढू नये, एका बाजूला सरकायला लागले की मनगटाने हलका झटका द्यावा. एका जागी सारखी बोटाएवढीच येऊ लागली तर जागा बदलावी आणि खोल पाण्यात तरंड वर सरकवून पाहावे. मोठी तेथे असते.

पावसाळा सरून पाणी निवळले की आश्विन-कार्तिकात दिवस चांगले. पौषातल्या थंडीत चिलापी सुस्तावते, खाणे जवळपास सोडते, तेव्हा पहाटे कुडकुडत जाण्यात अर्थ नाही. ऊन डोक्यावर आल्यावर जावे. फाल्गुनापासून सकाळ-संध्याकाळ पुन्हा बरी. मृग लागल्यावर नाल्याने चढणारे मासे अंड्यावर असतात. निदान पोळ्यापर्यंत त्यांना हात लावू नये. मरळीची लालसर पिल्ले थव्याने वर दिसतात, खाली आई-बाप राखण करतात. त्या वेळी मरळ मारली की पिल्लांचा थवाच्या थवा जातो.

कास्तकारांसाठी दोन गोष्टी

बागेतली फवारणी झाली की पंप तलावावर धुवायची सवय अजून गेलेली नाही. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशाला फार थोड्या प्रमाणातही मारक आहेत. पंप आणि डबे वावरातच, पाण्यापासून दूर धुवावे. आणि मासे मेले की लगेच कोणी विष टाकले अशी ओरड करण्याआधी आदल्या दिवसांचे हवामान आठवावे. ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर तो पाण्यातली हवा कमी झाल्याचा प्रकार असतो. शेततळ्यात ताजे पाणी सोडले तर ते वाचतात.

सुरुंगाचा किंवा विषाचा वापर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे तर माशाआधी स्वतः मरतात.

आणखी एक. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यावर पोरांना गळ घेऊन बसू देऊ नये. ओल्या कागदावर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला एक दोर चारही बाजूंनी आत सोडून ठेवायला फार खर्च येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीवर झुंज येथे नाव उलटून ११ माणसे बुडाली, ते तालुका विसरलेला नाही. गळ काठावरूनच टाकावा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत तलाव आहे त्यांनी तो कोणाच्या ताब्यात आहे, ठेका कोणाकडे आणि कधी संपतो, एवढे कागद काढून ठेवावेत. गळाचा ठराव येत्या ग्रामसभेत घेता येईल, संस्थेच्या अध्यक्षांना मात्र आधी बोलावून घ्यावे.