कायनेज : पेशीतली कळ आणि रोजची गोळी

धाकटी डहाणूत बोलायचं म्हणजे सुरुवात समुद्रापासूनच करूया. बोट पाण्यात आहे, जाळं भरलंय आणि तांडेलाने हाक दिली. खलाशी जाळं ओढू लागतात. क्षणापूर्वी निवांत असलेल्या दंडाच्या स्नायूंना आता भराभर साखर हवी. ती स्नायूतच ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. मग प्रश्न असा, की हे कोठार ऐन वेळी उघडतं कोण?

१९५० च्या दशकात अमेरिकेत सिएटल इथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी याच प्रश्नावर काम केलं. त्यांना दिसलं ते असं : ग्लायकोजेन फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, स्नायूत आधीपासूनच हजर असतं, पण स्वस्थ बसलेलं. त्याला फॉस्फेटचा एक लहानसा गट जोडला की ते कामाला लागतं. तो गट काढला की पुन्हा स्वस्थ. फॉस्फेट जोडणारं जे प्रथिन, ते प्रोटीन कायनेज. काढणारं, ते फॉस्फटेज. या शोधासाठी दोघांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

कायनेज हा फॉस्फेट आणतं कुठून? पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो, त्याच्याकडून. कायनेजच्या अंगात एक खोबण असते. एटीपी त्या खोबणीत बसतो, आपला एक फॉस्फेट देतो आणि निघून जातो. ही खोबण लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. पेशीने कधी वाढायचं, कधी विभागायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे निरोप त्यांच्यामार्फत पोहोचतात. घरातल्या दिव्याच्या बटणासारखंच आहे हे. बटण चालू होणं जितकं गरजेचं, तितकंच ते बंद होणंही. बंदच झालं नाही तर काय होतं, ते आता बघू.

१९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. या आजाराला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. पुढे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. या अदलाबदलीत नवव्यावरचं एबीएल जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटतं. आता एबीएल हे मुळात कायनेजच. एरवी ते सांगितल्यावर चालू होतं आणि काम झालं की बंद होतं. बीसीआर चिकटल्यावर मात्र बटण चालूच राहतं. अस्थिमज्जेला 'पांढऱ्या पेशी बनवा' हा निरोप दिवसरात्र जात राहतो. रक्तात एरवी साधारण चार ते अकरा हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी लाखाच्याही पुढे जातात. थकवा येतो, वजन उतरतं, प्लीहा वाढल्यामुळे डाव्या बरगडीखाली जड वाटतं. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं जातं आणि आजार सापडतो. हा बदल जन्मानंतर एखाद्या पेशीत घडलेला असतो. तो आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, आणि हा आजार संसर्गाने पसरतही नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरात भीती आधी याचीच असते.

आता ती खोबण आठवा. तिथे एटीपीऐवजी दुसरंच काही अडकवून ठेवलं तर? इमॅटिनिब हे औषध तेच करतं. ते खोबणीत जाऊन बसतं, एटीपीला जागा मिळत नाही, निरोप थांबतो. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांत जिवावर बेतणाऱ्या या आजाराचे बहुतेक रुग्ण आज गोळी घेऊन कामधंदा करत जगतात.

पण औषध निघालं म्हणजे ते घरी पोहोचलं असं नव्हे. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांचा भारतातला खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिन्याला दहा हजारांच्या आसपास मिळत होती. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी पेटंट नाकारलं. माहीत असलेल्या औषधाचं नवं स्फटिकरूप आणलं, पण त्याने उपचाराचा गुण वाढल्याचं सिद्ध झालं नाही, तर आपल्या कायद्यानुसार पेटंट मिळत नाही. एकदाच घ्यायचं औषध असतं तर कर्ज काढूनही भागलं असतं. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, म्हणून किमतीचा प्रश्न थेट जगण्याचा होता.

वर्षानुवर्षं का? कारण गोळी गुणसूत्र दुरुस्त करत नाही. ती फक्त खोबण अडवते. घेतलेल्या इमॅटिनिबपैकी निम्मं साधारण अठरा तासांत रक्तातून कमी होतं. गोळी थांबली, की खोबण मोकळी होते आणि बटण पुन्हा चालू. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात दहातली एखादी गोळी चुकवणाऱ्यांमध्येही आजार खोलवर आटोक्यात येण्याचं प्रमाण फार घसरलेलं दिसलं. दहातली एक म्हणजे महिन्याला तीनच गोळ्या, बरं का!

आपल्या किनाऱ्यावर गोळ्या चुकण्याची कारणंही इथलीच असतात. बोट चार दिवस बाहेर राहते आणि गोळ्या घरी. पावसाळ्यात मासेमारी बंद, हातात पैसा नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं तर डहाणू रोडहून लोकल पकडून अख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, आता बरं वाटतंय! पण मंडळी, बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

म्हणून बोटीवर जाताना डब्याबरोबर गोळ्याही द्या, दोन-तीन दिवसांच्या जास्तच. पाणी लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. एक चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. मळमळ, पायांत गोळे, डोळ्यांभोवती सूज आली तर मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. पैसे संपत आलेत, हेही आधीच सांगा. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथून मदतीची वाट निघू शकते. बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी ठरल्या वेळी करा. गोळी गुण देईनाशी झाली, उदाहरणार्थ खोबणीचा आकारच बदलल्यामुळे, तर ते या तपासणीत कळतं, आणि त्यासाठी आज दुसरी औषधं आहेत. काही वर्षं आजार खोलवर आटोक्यात राहिला, तर काही रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवूनही बघतात. पण तेव्हाही रक्ताची तपासणी वरचेवर चालूच असते.

आता आपले प्रश्न घेऊया.