औषधी वनस्पतींची नावे आणि पूरक आहारातील सावधगिरी

वनस्पतिजन्य पूरक आहार विकत घेणारा मनुष्य वनस्पती पाहत नाही. तो तिचे नाव वाचतो. चूर्ण, गोळी वा अर्क या रूपांत पान, खोड, मूळ यांची ओळख उरत नाही आणि वेष्टनावरील शब्द हीच वस्तूची एकमेव खूण ठरते. म्हणून अशा पदार्थांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मूलतः वैद्यकाचा असला, तरी त्याचा आरंभ शब्द आणि अर्थ यांच्या संबंधापासून होतो.

हा संबंध आपल्याकडे नेहमीच सैल राहिलेला आहे. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘अमृता’ हा पर्याय गुडूची, हरीतकी आणि आमलकी या तिन्हींना दिलेला आढळतो. ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे बकोपा मोनिएरी, तर कोठे सेंटेला एशियाटिका दिली जाते. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली विष्णुक्रांता आणि गोकर्ण यांचाही समावेश होतो. कोशकाराच्या दृष्टीने ही अनेकार्थता होय. सेवन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो धोका होऊ शकतो.

या धोक्याचे विदारक उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्स येथे वजन उतरविण्याच्या उपचारात स्टेफानिया टेट्रांड्रा या चिनी वनस्पतीचे चूर्ण योजण्यात आले. चिनी भाषेत तिला ‘हानफांगजी’ म्हणतात. ‘ग्वांगफांगजी’ ही ॲरिस्टोलोकिया फांगची नावाची सर्वस्वी निराळी वनस्पती होय. नामसादृश्यामुळे एकीच्या जागी दुसरी आली. तीतील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ स्त्रियांच्या वृत्तांतावरून उघड होऊ लागले. पुढे बाधितांची संख्या शंभराच्या वर गेली आणि कित्येकांना मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला.

महाराष्ट्रातील उदाहरण गुळवेलीचे आहे. कोविडच्या साथीत रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून तिचा काढा घरोघर घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृतदाहाचा संबंध तिच्या सेवनाशी जोडणारा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यावर, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची सजातीय वेल यांत गल्लत झाली असावी, असा आक्षेप आला. परंतु २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतून आलेल्या ४३ रुग्णांच्या अभ्यासाने खऱ्या गुळवेलीकडेही बोट दाखविले; त्यांपैकी अनेकांत स्वप्रतिकारजन्य यकृतदाहाची लक्षणे दिसली. तात्पर्य, नाव अचूक असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

यावरून काही नियम निष्पन्न होतात. वेष्टनावर केवळ देशी नाव असेल, तर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि मात्रा यांची खात्री केल्यावाचून ते घेऊ नये. काढा, चूर्ण आणि संहत अर्क यांना एकच नाव असले, तरी त्यांची मात्रा एक नसते. यकृताचा किंवा स्वप्रतिकारजन्य विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, वैद्याच्या सल्ल्यावाचून असे पदार्थ टाळावेत. मधुमेहाची औषधे चालू असताना गुळवेल घेतल्यास रक्तातील साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. म्हणून चिकित्सकाने ‘कोणती औषधे घेता?’ असे विचारल्यावर काढे आणि चूर्णेही सांगावीत. बहुतेक जण ती सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती ‘औषध’ या शब्दाच्या अर्थकक्षेत येतच नाहीत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काहीही दिसताच सेवन थांबवून तपासणी करवून घ्यावी आणि डबी सोबत न्यावी.

अखेरीस ‘नैसर्गिक’ या विशेषणाचा विचार केला पाहिजे. त्याचा अर्थ ‘निसर्गातून आलेले’ एवढाच आहे. व्यवहारात मात्र तो ‘निरुपद्रवी’ असा घेतला जातो. बचनागही निसर्गातच उगवतो. अर्थाचा हा विस्तार लक्षात आला, म्हणजे सावधगिरीची पहिली पायरी ओलांडली गेली असे म्हणता येईल.