जलजीवालयातील परावर्तक

जलजीवालयातील परावर्तक : जलजीवालयावर टांगलेल्या किंवा त्याच्या झाकणात बसविलेल्या अनुस्फुरक नलिकादिव्याचा (ट्यूबलाइटचा) वर व बाजूंना जाणारा प्रकाश पाण्याकडे वळविणारा, बहुधा ॲल्युमिनियमाच्या पत्र्याचा, पन्हळीच्या आकाराचा भाग. नलिका आपल्या परिघावर सर्व दिशांना सारखाच प्रकाश टाकते. म्हणजे निम्मा प्रकाश मुळात वरच जातो आणि उरलेल्यापैकी काही पात्राच्या कडांबाहेर पडतो. शोभेच्या माशांचे एवढ्यावर भागते. पाणवनस्पती मात्र प्रकाशसंश्लेषणावरच जगतात आणि अनेक प्रवाळांचे बरेचसे पोषण त्यांच्या ऊतकांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांकडून होते. त्यांच्या बाबतीत परावर्तकाची निवड हा जगण्याचा प्रश्न ठरतो.

पृष्ठभाग : चकचकीत ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा सुमारे ८५ टक्के भाग परत पाठविते. ॲल्युमिनियमाच्या पृष्ठावर योग्य जाडीचे पारदर्शक थर दिल्यास हे प्रमाण सुमारे ९५ टक्के होते. हा फरक किरकोळ वाटतो पण अरुंद झाकणात काही किरण तीन वेळाही परावर्तित होतात. तेव्हा पहिल्या पृष्ठावरून ६१ टक्के, तर दुसऱ्यावरून ८६ टक्के प्रकाश उरतो. उत्तम पांढरा रंगही ८५ टक्क्यांच्या आसपास परावर्तन करतो. त्याचा दोष वेगळा आहे. तो प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे बराच भाग झाकणातच घोटाळत राहतो. अगंज (स्टेनलेस) पोलाद चमकते खरे, पण सुमारे ४० टक्के प्रकाश गिळते. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमाचा पातळ वर्ख चिकटविण्याची हौस पुष्कळांना असते. त्याच्या सुरकुत्यांमुळे किरण भरकटतात आणि सुटलेली कड नलिकेच्या खुंट्यांना टेकल्यास विजेचा धोका संभवतो.

आकार : निवडीत पृष्ठभागापेक्षा आकाराला अधिक महत्त्व द्यावे. नलिकेच्या डोक्यावर सपाट पत्रा जवळ बसविला, तर परतलेले किरण पुन्हा नलिकेवरच आदळतात व त्यांपैकी काही शोषले जातात. म्हणून चांगल्या परावर्तकाच्या मध्यभागी, नलिकेच्या बरोबर वर, खाली उतरणारी धार ठेवलेली असते. ती किरणांना दोन्ही बाजूंना फोडते व बाजूच्या वक्र पाकळ्या ते खाली पाठवितात. एकही किरण नलिकेवर परत न पडता सगळा प्रकाश खालच्या अर्धगोलात जावा अशी आदर्श रचना केली, तर परावर्तकाचे तोंड किमान नलिकेच्या परिघाएवढे रुंद असावे लागते. ३८ मिमी. व्यासाच्या जुन्या नलिकेला (टी-१२) हे तोंड ११९ मिमी., २६ मिमी.च्या नलिकेला (टी-८) ८२ मिमी. व १६ मिमी.च्या नलिकेला (टी-५) ५० मिमी. येते. प्रकाशझोत उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतच हवा असेल, तर हेच आकडे सुमारे १६९, ११६ व ७१ मिमी. होतात. ३० सेंमी. रुंदीच्या झाकणात ११९ मिमी.चे परावर्तक दोनच मावतात, ५० मिमी.चे सहा. बारीक नलिकांचा जलजीवालयांत झालेला बोलबाला बऱ्याच अंशी या भूमितीमुळे आहे. अनेक नलिकांवर एकच सामाईक पत्रा ठेवण्यापेक्षा प्रत्येक नलिकेला स्वतंत्र परावर्तक देणे केव्हाही श्रेयस्कर.

झोत फार अरुंद करण्याची गरज मात्र नसते. पाण्याचा प्रणमनांक सुमारे १.३३ असल्याने उभ्या अक्षाशी सुमारे ६२ अंशांपेक्षा कमी कोन करून पाण्यात शिरलेला किरण उभ्या काचेतून बाहेर पडत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनाने तो आतच वळतो. काचेवर आतून शैवल चढले की हा फायदा नाहीसा होतो. भिंत घासण्याचा कंटाळा करणाऱ्याने महागडा परावर्तक घेऊ नये.

उष्णता व क्षार : टी-८ नलिका साधारण २५° से. व टी-५ नलिका साधारण ३५° से. भोवतालच्या तापमानात सर्वाधिक प्रकाश देते. परावर्तक नलिकेला घट्ट वेढून बसला आणि झाकण बंद असले, तर तापमान याहून वर जाते व परावर्तकाने मिळविलेले उष्णतेमुळे गमावले जाते. हवा खेळण्यास फटी ठेवणे किंवा छोटा पंखा बसविणे हा उपाय होय. समुद्री जलजीवालयात खारे तुषार ॲल्युमिनियमावर खड्डे पाडतात. म्हणून ॲनोडीकरण केलेला पत्रा घ्यावा, तो भूयोजित (अर्थिंग केलेला) असावा आणि ऊर्ध्वपातित पाण्यात भिजविलेल्या मऊ कापडाने क्षार पुसावेत. मधली संरक्षक काच स्वच्छ असतानाही सुमारे ८ टक्के प्रकाश अडविते.

नवा परावर्तक बसविल्यावर प्रकाश एकदम वाढतो. मंद प्रकाशाला सरावलेले प्रवाळ अशा वेळी आपली शैवले टाकून पांढरे पडू शकतात. गोड्या पाण्यात वनस्पती विरळ असल्यास हिरवे शैवल माजते. यासाठी दिवा प्रथम उंच टांगून किंवा रोजचे तास कमी करून काही आठवड्यांत पूर्वस्थितीवर आणतात.

यूरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून टी-५ व टी-८ नलिका सर्वसाधारण उपयोगासाठी बाजारात आणण्यास बंदी आली. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत अशा नलिकांचे उत्पादन २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरले. नव्या जलजीवालयांत प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) दिवे रूढ झाले आहेत. ते मुळातच एका बाजूला प्रकाश टाकत असल्याने त्यांना असा परावर्तक लागत नाही. जुन्या दिव्याच्या खोबणीत एलईडी नलिका घातल्यास वरचा परावर्तक जवळजवळ निरुपयोगी ठरतो.