रिकामी पुंगळी मोडीत का घालायची नाही?



आपल्या सातारा-सांगलीला फौजेची आणि पोलिसाची नोकरी नवी नाही. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे, तासगाव तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. आता आपल्या मुलीही एनसीसीत जातात, भरतीची तयारी करतात. गोळीबाराच्या सरावाहून आल्या की सांगतात, सराव संपला तरी सुटका नसते. गवतात पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात. मग बैठकीत आम्हाला विचारणा होते, की वाजून गेलेल्या फटाक्याचा कागद कुणी मोजत नाही, मग या पुंगळीचंच एवढं काय? आज त्याचंच उत्तर देतो.

काडतुसाचे चार भाग असतात. पुढं गोळी, मागं पितळेची पुंगळी, पुंगळीच्या आत दारू आणि बुडाशी टोपी. बंदुकीचा चाप ओढला की आतली खीळ टोपीवर आपटते, टोपीतला मसाला पेटतो, त्यानं दारू पेटते आणि वायूच्या जोरानं गोळी सुटते. त्या क्षणी पुंगळी फुगून आतून घट्ट बसते, म्हणून वायू मागं येत नाही. लगेच ती जराशी आक्रसते आणि बाहेर पडते. हे फुगणं-आक्रसणं पितळेला चांगलं जमतं. या पितळेत साधारण ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असतं.

म्हणजे गोळी गेली, दारू जळाली, टोपी चेपली, पण पुंगळी शाबूत राहिली. काही देशांत हौशी नेमबाज ती घरी नेऊन पुन्हा भरतात. आधी साफ करून चिरलेल्या पुंगळ्या बाजूला काढतात, मग साच्यात दाबून मूळ मापाला आणतात आणि नवी टोपी, दारू, गोळी बसवतात. दर खेपेला पितळ कडक होत जातं. हंडा ठोकताना तांबट मधूनमधून पत्रा तापवून मऊ करतो ना, तसंच पुंगळीचं तोंडही तापवावं लागतं. नाहीतर ते चिरतं. एनसीसीतल्या पॉइंट टू-टू रायफलीची पुंगळी मात्र अशी भरत नाहीत. तिला वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेतच असतो. ती वितळवण्याच्याच कामाची.

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भागही या कायद्यानं दारूगोळ्यातच धरले आहेत. मैदानावरची मोजणी त्यासाठीच असते. आपण गटाच्या वहीत जमा-खर्च लिहून शेवटी रोख शिल्लक जुळवतो, तसाच हा हिशोब. दिलेल्या गोळ्या आणि परत आलेल्या पुंगळ्या जुळल्या, की जिवंत काडतूस कुणाच्या खिशातून बाहेर गेलं नाही हे कळतं.

आता काळजीची गोष्ट. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळतात. धातूचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. फुटकी घागरसुद्धा आपण वजन करून मोडीला घालतो. म्हणून सरपणाला गेल्यावर पितळ चमकलं की हात पुढं जातो. पण गोळीबाराच्या मैदानात पडलेली प्रत्येक वस्तू रिकामी नसते. अहिल्यानगरजवळ के. के. रेंजवर लष्कराच्या रणगाड्यांचा सराव चालतो. तिथं न फुटलेले गोळे मातीत राहतात आणि भंगार वेचताना स्फोट होऊन माणसं दगावली आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. त्यात सहा जण गेले, मजुरीला आलेली माणसंही त्यात होती. भंगारातून मिळणाऱ्या पैशात असा जीव भरून येत नाही.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा. सराव चालू असो वा नसो, गोळीबाराच्या हद्दीत शेळ्या, सरपण, शेण, भंगार कशासाठीही जाऊ नका. लाल निशाण दिसलं तर लांबूनच वळा. शिवारात काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर उचलू नका, ठोकू नका, चुलीत टाकू नका. टोपीला खळगा पडलेला दिसला तरी आत दारू असू शकते, कारण कधी कधी टोपीवर घाव बसूनही काडतूस उडत नाही. जागेवर खूण ठेवा, पोरांना लांब करा आणि पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन करा.

रिकामी पुंगळीही पोरांना शिट्टी म्हणून वाजवायला देऊ नका. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिसं असतं आणि शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. मुली सरावाहून आल्या की त्यांना आधी साबणानं हात धुवायला सांगा, मगच ताटावर बसू द्या.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा. शेळ्यांमागं जाणाऱ्या पोरांना आणि भंगार वेचणाऱ्या बायकांना तर हे आवर्जून सांगा, कारण अशा वस्तूला पहिला हात त्यांचाच लागतो.