ऑफिसचं नेटवर्क: पैसे प्लॅनवर नव्हे, केबलवर घाला

सात-आठ कॉम्प्युटरच्या एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात टॅली रखडायला लागली, स्कॅन केलेली फाइल समोरच्या टेबलावर पोचेना, की पहिला संशय इंटरनेटवर घेतला जातो. मग 50 एमबीपीएसचा प्लॅन बदलून 200चा घेतात आणि टॅली होती तशीच रखडत राहते. इंटरनेट म्हणजेच नेटवर्क, हा गैरसमज याच्या मुळाशी आहे. अशा ऑफिसात टॅलीचा डेटा बहुतेकदा एकाच कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो. दुसऱ्या टेबलावरून तो उघडला की माहिती केबलमधून स्विचपर्यंत आणि तिथून त्या टेबलापर्यंत जाते, ऑफिसबाहेर ती जातच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी शेअर फोल्डर आणि प्रिंटर चालायला हवेत. ते चालत नसतील तर दोष मांडणीत आहे, आणि तो महागड्या प्लॅनने जाणार नाही.

खरी अडचण बहुधा केबलमध्ये असते, आणि ती लपून राहते याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, 1 जीबीपीएसला मात्र चारही लागतात. आरजे-45 कनेक्टर क्रिंप करताना उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट बसली नाही, तर जोडणी साधारणपणे मुकाट्याने 100वर उतरते. स्विचवरचा दिवा लागतो, इंटरनेट चालतं, 50च्या प्लॅनवर स्पीड टेस्टही पूर्ण आकडा दाखवते, त्यामुळे केबलचा संशय कुणालाच येत नाही. पण 1 जीबीची फाइल 1000वर जिथे सुमारे 8 सेकंदांत जायची, तिथे तिला किमान 80 सेकंद लागतात. खरं तर साधी कॅट-5ई केबलसुद्धा 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस देते, ती अस्सल तांब्याची असली म्हणजे झालं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका, तिच्यावर कॅट-6 छापलेलं असलं तरीही. तिच्या तारा ठिसूळ असतात, शिवाय रोधही जास्त असतो.

यावर हमखास प्रश्न येतो की आता वाय-फाय इतकं वेगवान असताना केबल ओढायच्या कशाला? राउटरच्या खोक्यावरचा 1200 हा आकडा 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते. एका पट्ट्यावरची सगळी उपकरणं तिथली हवा वाटून घेतात. 2.4मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे तीनच, आणि बाजारपेठेतल्या इमारतीत त्यांवर शेजाऱ्यांचीही गर्दी असते. केबलवर प्रत्येक टेबलाला स्विचपर्यंतचा स्वतःचा रस्ता मिळतो. मोबाइल आणि मीटिंगच्या लॅपटॉपला वाय-फाय खुशाल द्या, पण टॅलीच्या टेबलांना देऊ नका. जागा भाड्याची आहे ही अडचण खरी, तरी भिंत न फोडता केसिंग पट्टीतून केबल नेता येते. फक्त ती विजेच्या वायरिंगपासून वेगळी ठेवा.

आतल्या केबिनमध्ये वाय-फाय पोचत नाही म्हणून जुना राउटर जोडण्याची सवय मात्र घातक आहे. त्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल खोचली आणि त्याची डीएचसीपी सेवा चालूच राहिली, तर एकाच ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे होतात. मग काही कॉम्प्युटरांना चुकीचा पत्ता मिळून प्रिंटर दिसेनासा होतो, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला लागतो. त्या राउटरची डीएचसीपी बंद करा आणि मुख्य राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. फायली शेअर करायला महागडा सर्व्हर हवाच, हेही खरं नाही. विंडोज 10 आणि 11 शेअरिंगसाठी एका वेळी 20 जोडण्यांपर्यंत परवानगी देतात. वाचलेल्या पैशांतून गिगाबिट स्विच, डेटा असलेल्या कॉम्प्युटरला यूपीएस आणि रोजच्या बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. वायरिंगवाल्याचं बिल चुकतं करण्याआधी प्रत्येक टेबलावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड स्वतः पाहा. तिथे 1000ऐवजी 100 दिसलं, तर दोन्ही टोकांचे कनेक्टर त्याच्याकडून पुन्हा क्रिंप करून घ्या.