घर कोणासाठी बांधायचे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन गोष्टींचे नाते किती जवळचे आहे, हे मला टेंभी नाक्यावर आर्किटेक्टचा व्यवसाय करताना उमगले. सून आली, नातवंडे झाली, आजी अंथरुणाला खिळली, की घराचा नकाशाही बदलावा लागतो.

ठाण्यातील जुन्या घरांत पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू असे. ओटीवर उजेड, तर स्वयंपाकघरात धूर! पुढे चाळी आल्या, ब्लॉक आले. चूल जाऊन गॅस आला आणि बसून रांधणारी गृहिणी ओट्यापाशी उभी राहिली. पण तो ओटा किती उंच हवा, हे तिला कोणी विचारले?

असे प्रश्न विचारणे हेच माझे काम, असे मी समजते. या व्यवसायाची वाट आमच्यासाठी पेरिन मिस्त्री यांनी खुली केली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून १९३६ साली पदविका घेऊन त्या भारतातील पहिल्या महिला आर्किटेक्ट ठरल्या.

आता कुटुंबेही निराळी झाली आहेत. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला दोन्ही मुलीच. थोरलीने आईवडिलांना आपल्याजवळ आणायचे ठरविले. पण मुलीच्या घरचे पाणीही पिऊ नये, अशा वळणात वाढलेले वडील काही केल्या तयार होईनात. मी त्यांच्या खोलीला जिन्याकडे उघडणारे स्वतंत्र दार दिले. दार तीन फूट रुंद ठेवले, न्हाणीचा उंबरठा काढला. म्हटले, "काका, हे तुमचे बिऱ्हाड. मधले दार लावायचे की उघडे ठेवायचे, ते तुम्ही ठरवा."

ते राहायला आले. मधले दार अजून एकदाही लागलेले नाही!

वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातील मुलीला मुलाइतका हक्क २००५ सालच्या कायद्याने दिला. पण कायद्याने हक्क मिळतो. घरात जागा मात्र आपणच करून द्यावी लागते. रात्री कचेरीचे काम करणाऱ्या सुनेला टेबल हवे, आजोबांना खिडकी हवी.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना एकदा घरभर फिरून पाहा. घरातल्या प्रत्येकाला निवांत बसायला आणि वाटले तर घटकाभर दार लोटून घ्यायला जागा आहे ना? नसेल, तर रंगाऱ्याच्या आधी घरातल्या माणसांना विचारा.