रात्रीच्या झोपेसाठी दिवसाचा एकांत

सकाळी लोकलची गर्दी, दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी घरात टीव्हीचा आवाज आणि आलेगेले. अंतर्मुख माणसाला स्वतःपुरता वेळ मिळतो तो थेट रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर. डोळ्यांवर झोप असते, पण झोपलो तर हाही वेळ गेला, म्हणून एक वाजेपर्यंत मोबाइल चालू राहतो. सबळ कारण नसताना झोप अशी पुढे ढकलण्याच्या सवयीवर नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तिचा संबंध स्वनियंत्रणाशी जोडला. अंतर्मुख माणसाच्या बाबतीत मात्र दिवसभराची एकांताची थकबाकीही त्यात मिसळलेली असते. ती दिवसाच फेडली, तर रात्र झोपेला मोकळी राहते.

अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त उत्तेजित असतो, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये मांडला. त्याला धरून एक लक्षवेधी प्रयोग अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४८ जणांना जागरण करायला लावले. त्याआधीचे १२ तास काहींनी खेळ-गप्पांत, तर काहींनी एकटे घालवले. गप्पांत रमलेले बहिर्मुख पुढच्या जागरणात लवकर ढेपाळले. अंतर्मुखांवर संगतीचा तसा परिणाम दिसला नाही. हा प्रयोग जागरणाचा होता, रोजच्या झोपेचा नव्हे. तरीही त्यातून एक अंदाज बांधता येतो: माणसांत दिवस घालवून अंतर्मुख दमला, तरी तेवढ्याने त्याला झोप लागेलच असे नाही.

झोप दोन गोष्टींवर ठरते, असे प्रारूप अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. एक, जागेपणी वाढत जाणारा झोपेचा दाब. दुसरे, शरीराचे घड्याळ. या घड्याळाला सकाळचा उजेड लागतो. ऑफिसात प्रकाश काहीशे लक्स असतो; बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारोंत जातो. पडदे ओढून खोलीत बसण्याचा एकांत म्हणूनच महागात पडतो. तोच एकांत सकाळी उघड्यावर घ्यावा. स्टेशनपर्यंत एकटे, इअरफोनशिवाय चालत गेले, तर उजेड, व्यायाम आणि शांतता एकाच वेळी पदरात पडते.

दुपारी जागेवरून उठायला चहाचे निमित्त लागते. पण शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही उरते आणि ते झोपेचा दाब जाणवू देत नाही. संध्याकाळचे कटिंग टाळावे. चहासाठी घेतलेली उसंत मात्र टाळू नये. गच्चीवर दहा मिनिटे नुसते उभे राहिले तरी चालते. आठवड्याची गर्दी सोसल्यावर रविवारी दुपारपर्यंत अंथरुणात लोळण्याचा मोह होतो. त्याने घड्याळ सरकते आणि रविवारची रात्र बिघडते. वामकुक्षी वीस मिनिटांची, तीही तीनच्या आत, पुरेशी आहे.

‘मी तेव्हा असे का बोललो?’ ही उजळणी नेमकी उशीवर डोके टेकल्यावर सुरू होते. तिलाही दिवसा वेळ द्यावा. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली रीत अशी: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजी करायची, एरवी ती डोकावली की त्या वेळेवर ढकलायची. झोपण्याआधी पाच मिनिटे उद्याची कामे कागदावर उतरवणेही उपयोगी. बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांच्या २०१८ मधील प्रयोगात अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

अंतर्मुखता हा आजार नव्हे. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. निद्रानाशावर वर्तनोपचाराचा चांगला उपयोग होतो.

दिवसाच्या एकांतात अडचण राहते ती घरची. आपल्याकडे दार लोटून बसलेला माणूस रुसलेला नाहीतर शिष्ट ठरतो. म्हणून आधीच सांगून ठेवावे: कामावरून आल्यावर पंधरा मिनिटे मला हाक मारू नका, मग चहाला सगळे एकत्र बसू. आणि त्या वेळी आपण चहाऐवजी दूध घ्यावे.